पालकांचाही प्रवेश

ज्येष्ठ सरता सरता ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यातला मुक्काम हलवून दिवे घाटाच्या आणि लोणीच्या वाटेला लागतात, आषाढाचे ढग चतुःशृंगीच्या डोंगरावर टेकू लागतात आणि रस्ते जरा मोकळे होतात न होतात तोच या शहरात नव्या शैक्षणिक वर्षाची वर्दळ सुरू होते. स्वारगेटच्या आणि वाकडेवाडीच्या एसटी स्थानकांवर उतरणाऱ्या गर्दीत मग एक दृश्य वारंवार दिसू लागते. पाठीवर सॅक अडकवलेला मुलगा किंवा मुलगी पुढे, आणि मागे नव्या बादलीत कोंबलेली चादर, लाडू-चिवड्याचे डबे, कुलूपकिल्ली व कागदपत्रांचे फोल्डर सांभाळत चालणारे आईवडील. निफाडहून, अकोल्याहून, जुन्नरहून आणि त्याहून किती तरी लांबून, नांदेड-गडचिरोलीकडून आलेली ही कुटुंबे रिक्षावाल्याला ‘विद्यापीठ’ एवढेच सांगतात. पुण्यात आता विद्यापीठे पुष्कळ झाली. तरीही नुसते विद्यापीठ म्हटले की कुठे जायचे, हे रिक्षावाल्याला विचारावे लागत नाही.

गुरुपौर्णिमेच्या आगेमागे सुरू होणारा हा हंगाम आपल्या घरांना तसा नवा नाही. पाटीपूजन आपण केलेले असते, दहावीचे पेढे वाटलेले असतात, बारावीच्या वर्षात घरातला दूरदर्शन संच बंद ठेवण्याचे व्रतही पाळलेले असते. आता लेकरू घराबाहेर पडताना देवापुढे दिवा लागतो, तळहातावर दहीसाखर पडते, थोरांच्या पाया पडणे होते आणि आजी न विसरता बजावते की निघताना ‘जातो’ म्हणू नये. या सगळ्या जुन्या रीतींच्या रांगेत गेल्या काही वर्षांत एका नव्या सोहळ्याची भर पडली आहे. कुणी त्याला ओरिएंटेशन म्हणते, कुणी इंडक्शन. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९मध्ये त्याला ‘दीक्षारंभ’ असे नाव दिले. त्याआधी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा असाच कार्यक्रम आखला होता. नवागतांना परिसर दाखवावा, नियम सांगावेत, शिक्षकांशी आणि एकमेकांशी ओळख करून द्यावी, खेळ, कला आणि वाचन यांची चुणूक दाखवावी आणि मगच अभ्यासक्रमाच्या पहिल्या प्रकरणाला हात घालावा, अशी ही योजना. अनेक विभाग आणि महाविद्यालये आता त्यातल्या एखाद्या सकाळी पालकांनाही बोलावतात.

या बोलावण्याचे मोल कळायचे तर ते जेव्हा नव्हते, तो काळ आठवून पाहावा. मुरुडचा धोंडो केशव कर्वे हा मुलगा १८७५ साली परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर भर पावसाळ्यातला घाट तुडवत पायी साताऱ्याला गेला. तेथे कमिटीने त्याच्या चणीकडे पाहून ‘सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणत त्याला परीक्षेलाच बसू दिले नाही. त्याचे वय तेव्हा सतरा पूर्ण होते. पुढे याच कर्व्यांनी १९१६मध्ये देशातले पहिले महिला विद्यापीठ उभे केले, ही गोष्ट निराळी; पण दाराशी आलेल्या मुलाला आत घेताना त्याला चार शब्द विचारावेत, ही साधी रीतही त्या व्यवस्थेत नव्हती. त्यानंतर कित्येक पिढ्या वार लावून जेवल्या, माधुकरीवर शिकल्या, तालुक्याच्या गावी एसटीने येणाऱ्या डब्याची वाट पाहत वाढल्या. आणि कॉलेजच्या पहिल्या दिवशी त्यांच्या स्वागताला सूचनाफलकावर डकवलेल्या एका वेळापत्रकाखेरीज कुणी नसे. कोणता वर्ग कुठे, कोणाला काय विचारायचे, फी माफीचा अर्ज कोणत्या खिडकीवर, हे ज्याचे त्याने ठेचकाळत शिकायचे. ज्यांच्या घरी आधी कुणी शिकलेले होते ते लवकर शिकत, इतर मागे पडत. विद्यापीठाने आपणहून हात पुढे करणे ही म्हणूनच शिष्टाचारापलीकडची, न्यायाची गोष्ट आहे.

सभागृहात आपण बसतो ते बहुधा मागच्या रांगांत. व्यासपीठावर सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो, दीपप्रज्वलन होते, विद्यापीठ गीत होते. मग एकामागून एक माणसे बोलू लागतात आणि आपल्या लक्षात येते की परीक्षा, पहिला वर्ग, विशेष प्रावीण्य हे आपल्या ओळखीचे शब्द मागे पडून श्रेयांक, मेजर-मायनर, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स अशी एक निराळीच भाषा येथे रुजली आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी चार वर्षांची करण्याची सोय केली, मध्येच थांबून पुन्हा परतण्याची मुभा दिली. हे सगळे पडद्यावरच्या तक्त्यांवरून भराभर सरकते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा, अंतर्गत तक्रार समिती कशासाठी, समुपदेशकाला कुठे भेटायचे, ग्रंथालयाचे ओळखपत्र कसे काढायचे, हेही सांगितले जाते. आपण ते सारे एखाद्या आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे वहीत टिपून घेतो. शेजारच्या खुर्चीत ज्याच्यासाठी हे चालले आहे तो मात्र एव्हाना पुढच्या रांगेतल्या कुणाशी तरी हळूच बोलू लागलेला असतो. त्याचे तेथे रमणे सुरू झालेले असते आणि आपले टिपणे अजून संपलेले नसते.

प्रश्नोत्तरांची वेळ आली की हात वर होतात ते आपलेच. हजेरी किती टक्के लागते, मेसमध्ये उपवासाचे मिळते का, रात्री वसतिगृहाचे फाटक किती वाजता बंद होते, निकाल पालकांच्या मोबाइलवर येतो का, विभागाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे का, असल्यास आम्हाला त्यात घ्याल का. प्रश्नांमागची माया खरी असते आणि काळजीही. परंतु विभागप्रमुख जेव्हा हसून म्हणतात की हे प्रश्न मुलांनी विचारले तर बरे, तेव्हा सभागृहात जे क्षणभर अवघडलेपण पसरते त्याकडे आपण नीट पाहायला हवे. व्यासपीठासमोर बसलेली ही बहुतेक मुले अठरा पूर्ण केलेली, मतदार यादीत नाव घालू शकणारी, कायद्याने सज्ञान नागरिक आहेत. गेली बारा-पंधरा वर्षे ज्यांच्या शाळेचा रिक्षावाला, शिकवणीची वेळ, परीक्षेचा फॉर्म आणि डब्यातली भाजी आपण ठरवत आलो, त्यांच्या आयुष्याचा कारभार आज त्यांच्याच हाती सोपवायचा आहे. कूळ बदलले तरी जमीन कसायची सवय सुटू नये, तसे आपले होते. सवय सुटायला वेळ लागतो. तो वेळ आपण मागून घ्यावा, पण फार लांबवू नये.

कार्यक्रम संपला की परिसर दाखवायला नेतात. ४११ एकरांचा हा विस्तार, वडापिंपळांच्या सावल्या, पावसाने काळवंडलेले दगड, जयकर ग्रंथालयाच्या पायऱ्या, अनिकेत कँटीनपाशी चहाचे पेले घेऊन उभे असलेले घोळके आणि या सगळ्यांच्या मधोमध मनोऱ्याची ती मुख्य इमारत. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६०च्या दशकात तिचे काम सुरू झाले ते मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांना पावसाळ्यात राहण्यासाठी. ज्या ऋतूत साहेबाचा लवाजमा येथे मुक्कामाला येत असे, त्याच ऋतूत आज खेड्यापाड्यांतली मुले वळकट्या घेऊन येथे येतात, हा काळाने केलेला बदल थोडाथोडका नाही. २२ जून १८९७च्या रात्री याच वास्तूत व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा झाला आणि तेथून परतणाऱ्या प्लेग कमिशनर रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली. ते पुणे प्लेगने पोळलेले होते. त्याआधी तीनच महिने, १० मार्चला, त्याच प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला होता. दिव्यांनी झगमगलेल्या त्या रात्री, भिडेवाड्यात मुलींची शाळा चालवणाऱ्या त्या बाईचे नाव गणेशखिंडीच्या प्रासादात कुणी काढले असेल, हे संभवत नाही. आज त्या प्रासादावर पाटी आहे ती त्यांच्याच नावाची.

हा बदल आपोआप घडून आलेला नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९मध्ये येथे पुणे विद्यापीठ सुरू झाले, बॅ. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले आणि २०१४मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालये आज त्याच्याशी जोडलेली आहेत. राजाची मालमत्ता जनतेची झाली ती मागणाऱ्यांनी मागितली म्हणून, आणि चालवणाऱ्यांनी निगुतीने चालवली म्हणून. मुलाबरोबर त्या आवारातून फिरताना आपण पाहुण्यासारखे दबकून चालतो, इमारतीचे फोटो काढतो, शिपायाला ‘साहेब’ म्हणतो. पण ही वास्तू आणि तिच्यात चालणारे शिक्षण आपल्याच करातून, आपल्याच प्रतिनिधींनी केलेल्या कायद्याने उभे आहे, ही जाणीव आपल्याला फारशी शिवत नाही.

पालकपणाची थोर उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहत आणि भीमाला पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवत. पुस्तकांसाठी ते लेकींकडे पैसे मागत. ते नसले तर त्यांचे दागिने गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवत. फेब्रुवारी १९१३मध्ये रामजी गेले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ज्या दिवसासाठी आयुष्य झिजवले तो दिवस त्या पित्याने पाहिला नाही. साताऱ्यात लक्ष्मीबाई पाटलांनी कर्मवीर अण्णांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून अंगावरचे दागिने दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. ती मुले त्यांच्या पोटची नव्हती. आज याच विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने ‘कमवा आणि शिका’ योजना चालते; सकाळी बागेत किंवा कार्यालयात काही तास काम करून दुपारी वर्गात बसणारी मुले त्या योजनेवर आपला खर्च भागवतात. रामजींचे पालकपण आपल्याला चटकन समजते, कारण आपणही आपापल्या ऐपतीने तेच करत असतो. लक्ष्मीबाईंचे पालकपण अवघड आहे. परक्याच्या लेकरालाही जेवायला, राहायला, शिकायला मिळाले पाहिजे आणि ते पाहणे हे आपले काम आहे, असे मानणारे ते पालकपण आहे. विद्यापीठाला खरी गरज त्याची आहे.

प्रवेशाच्या फोल्डरातला एक कागद या संदर्भात फार बोलका आहे. टीसी, मायग्रेशन, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर यांच्या गठ्ठ्यात रॅगिंगविरोधी हमीपत्र असते. एक विद्यार्थ्याच्या सहीचे, एक पालकाच्या. आपण ते खिडकीवर उभ्याउभ्या, न वाचताच सही करून देतो. महाराष्ट्राने रॅगिंगबंदीचा कायदा १९९९मध्येच केला होता. तरी मार्च २००९मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ज्येष्ठ विद्यार्थ्यांच्या मारहाणीत दगावला आणि देश हादरला. त्याचे वडील राजेंद्र काचरू खटल्याचा निकाल लावून घेऊन घरी बसले असते तरी त्यांना कुणी बोल लावला नसता. त्यांनी इतरांच्या मुलांसाठी लढा मांडला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे कडक विनियम आले, चोवीस तासांची देशव्यापी मदतवाहिनी सुरू झाली आणि तिच्या कामावर लक्ष ठेवण्यातही ते वर्षानुवर्षे गुंतून राहिले. आपण ज्या कागदावर घाईने सही करतो त्यामागे एका बापाचे दुःख आणि त्याने त्या दुःखाचे केलेले सार्वजनिक काम आहे. तो कागद घरी मुलाबरोबर बसून एकदा वाचावा. आपले मूल छळाला बळी पडू नये एवढेच त्यात लिहिलेले नाही. आपले मूल छळणाऱ्यांत असू नये, याचीही हमी आपण त्यात देत असतो.

वसतिगृहाच्या खोलीत गादी पसरून, पंखा चालतो का पाहून, डब्यांची झाकणे पुन्हा एकदा घट्ट लावून आपण परतीच्या गाडीत बसतो, तेव्हा कर्तव्य संपत नाही, त्याचे स्वरूप बदलते. रोज रात्री ‘जेवलास का’ विचारावे, जरूर विचारावे. पहिल्या सत्रात गुण घसरले, इंग्रजीतले व्याख्यान डोक्यावरून गेले, शहरी मुलांच्या घोळक्यात आपले लेकरू बुजले, तर ते घरी सांगता येईल इतकी वाट मोकळी ठेवावी. फोनवरच्या आवाजातला फरक ओळखावा. पण दर आठवड्याला विभागप्रमुखांना फोन करून मुलाला लहान ठेवू नये. विषय बदलावासा वाटला तर ऐकून घ्यावे. नाटकाच्या तालमीत, शिबिरात, वादसभेत गेलेला वेळ वाया गेला असे मानू नये. घरच्या आघाडीवरचे हे कर्तव्य आपल्यातले बहुतेक जण, कमीअधिक फरकाने, निभावून नेतात.

राहते ते दुसरे कर्तव्य, आणि तेथे आपण सगळेच थिटे पडतो. स्वागताच्या भाषणात ज्या गोष्टी येत नाहीत त्या मुलाला महिनाभरात कळतात. अनेक विभागांतली प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत आणि तासिका तत्त्वावरचे तरुण शिक्षक तुटपुंज्या मानधनावर, पुढच्या सत्राची शाश्वती नसताना, ती गाडी ओढत आहेत. वसतिगृहांतल्या जागा मागणीच्या मानाने अपुऱ्या आहेत. ज्यांना जागा मिळत नाही ते मित्राच्या खोलीत चोरून, दोन खाटांच्या मध्ये चटई टाकून राहतात. विद्यापीठाच्या बोलीत त्यांना ‘पॅरासाइट’ म्हणतात आणि ते स्वतःही हसत हसत तेच नाव लावतात. गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायला लागणारे हेलपाटे, पुनर्मूल्यांकनाचे लांबणारे निकाल हेही नवे नाही. या सगळ्याबद्दल आपण घरात, गाडीत, लग्नाच्या पंगतीत त्रागा करतो, आणि आपल्या मुलाची पदवी हातात आली की विसरून जातो. दर वर्षी नवे पालक येतात, तोच त्रागा करतात आणि तसेच निघून जातात. संस्था तेथेच राहते, तिचे दुखणेही तेथेच राहते.

कायद्याने मात्र आपल्याला हात बांधून उभे केलेले नाही. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमानुसार विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. विद्यापीठाच्या वार्षिक अहवालावर आणि अर्थसंकल्पावर चर्चा होते ती याच सभेत. रिकाम्या पदांचा, वसतिगृहांचा आणि परीक्षा विभागाच्या कारभाराचा जाब विचारायची जागाही तीच. सभागृहाच्या मागच्या रांगांत बसणाऱ्या पालकांतले किती तरी जण स्वतः याच विद्यापीठाचे पदवीधर असतात. त्यांच्या कपाटात प्लास्टिकच्या आवरणात जपलेले पदवी प्रमाणपत्र असते. पदवीधर म्हणून नोंदणी मात्र बहुतेकांनी केलेली नसते, कारण ती करता येते हेच त्यांना कुणी सांगितलेले नसते. मग मोजक्या संघटना आपापले मतदार नोंदवतात, मोजकेच लोक मतदान करतात, आणि ज्यांची मुले त्या वर्गांत बसतात ते बाहेर राहतात. ज्या आईवडिलांना पदवी मिळाली नाही, ज्यांच्या घरातले हे पहिलेच मूल विद्यापीठाची पायरी चढले, त्यांच्याकडे मतदानाचा हा हक्क नाही. त्यांच्या वतीने विचारण्याची जबाबदारी म्हणून पदवीधर पालकांवर दुप्पट आहे.

विद्यापीठांनीही यात पाऊल उचलावे. पालकांना बोलावलेच आहे तर श्रेयांकांच्या तक्त्यांनंतर पाच मिनिटे काढून विभागात मंजूर पदे किती, भरलेली किती, वसतिगृहात जागा किती, ग्रंथालयासाठी तरतूद किती, हेही त्यांच्यापुढे ठेवावे. अडचणी झाकून केलेल्या स्वागतापेक्षा अडचणी सांगून मागितलेली साथ अधिक टिकते, आणि आपल्या समाजाने शिक्षणासाठी अशी साथ द्यायला आजवर क्वचितच नकार दिला आहे. गावोगावच्या शाळा लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या त्या या भूमीतच.

नवे वर्ष सुरू झाले आहे. मुले वर्गांत जाऊन बसली आहेत; त्यांची ओळखपत्रे तयार झाली आहेत, वेळापत्रके लागली आहेत आणि त्यांनी काय करायचे ते त्यांना सांगून झाले आहे. आता आपली पाळी. ज्यांच्याकडे पदवी आहे त्यांनी आपापल्या विद्यापीठात नोंदणीकृत पदवीधर म्हणून नाव नोंदवावे, अधिसभेच्या निवडणुकीत मत द्यावे आणि निवडून गेलेल्यांना वर्षातून एकदा तरी विचारावे की रिकाम्या जागांचे काय झाले. मुलाचा प्रवेश पक्का करण्यासाठी जेवढी कागदपत्रे आपण गोळा केली त्याच्या दशांशही यासाठी लागत नाहीत.